तब्येत जरा नरम

९ जून

चि. सौ. भावजयीस,

आशीर्वाद. परवाचा समारंभ पार पडला. एकाच दवाखान्यात तीस वर्षं काढली म्हणून माझा सत्कार होता. मला, त्यांच्या मेट्रनबाईंना, खुर्चीत बसवून सगळ्या नर्सेसनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत माझ्या माणसांसाठी तीन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. एक माझ्या धाकट्या भावाची, एक तुझी, एक तुझ्या लेकीची. तिन्ही शेवटपर्यंत रिकाम्या. अखेर एकीवर कुणीतरी फुलांची टोपली आणून ठेवली.

तुझं पत्र त्याच सकाळी मिळालं. "ह्यांची तब्येत जरा नरम आहे, ताप आहे." या वर्षातला हा तिसरा. माझं आयुष्य लोकांचे ताप मोजण्यात गेलं, पण कुठे जायचं ठरलं की नेमका त्याच दिवशी येणारा ताप मी अजून पाहिलेला नाही.

स्पष्ट विचारते. राग आला तर येऊ दे. त्याच्या खाण्यापिण्याकडे तुझं लक्ष असतं का? त्याचंही पत्र आलंय. तो कुरकुर करणारा नाही, तरी एवढं लिहिलंय की घरी कुणी धड बोलत नाही आणि ताट समोर सरकवलं जातं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, मी चौदाची. न्हाऊमाखू घालण्यापासून ते शिवणकामाच्या दुकानात शिकायला बसवण्यापर्यंत सगळं मी केलं. आज सगळं शहर त्याला मास्तर म्हणतं, ते त्याच्या हातातल्या कात्रीमुळे. मी माझा भाऊ धडधाकट तुझ्या हवाली केला होता.

सविस्तर लिही. चार ओळींत गुंडाळू नकोस.

ताई


१७ जून

ती. ताईंस नमस्कार.

तुमचा राग रास्त आहे. आम्ही यायलाच हवं होतं. लेक तर नवा फ्रॉक घालून पिशवी घेऊन सकाळपासून दारात बसली होती. पण ऐन वेळी ह्यांना उठवेना. आता ताप उतरलाय. डोळे दुखतात मात्र, उजेड सहन होत नाही, बारीक काम जमत नाही. दुकानात कामाची गर्दी आहे, त्याचीच दगदग झाली असणार.

ताट सरकवते हे खरं आहे. घर आणि दुकान दोन्हीकडे मीच असते, हात रिकामे नसतात. यापुढे जपेन.

समारंभात घालायला म्हणून तुमच्यासाठी राखाडी कोट शिवून ठेवला होता. तो पार्सलने पाठवतेय. मापं जुनीच धरली आहेत. खांद्यात आवळला तर कळवा.

लेक मजेत आहे. सहावीत वर्गात दुसरी आली.

तुमची भावजय


२ जुलै

चि. सौ. भावजयीस,

कोट मिळाला. घातला आणि आरशासमोर उभी राहिले, तर डोळ्यांत पाणी आलं. खांदा असा बसलाय की मी दहा वर्षांनी लहान दिसते. दवाखान्यातल्या पोरी विचारत होत्या, कुणाकडून शिवला? मी म्हटलं, माझ्या धाकट्याचा हात आहे, बाजारात मिळत नाही. अशी कॉलर दुसऱ्या कुणाला वळवता येणार नाही. डोळे दुखत असताना त्याने माझ्यासाठी एवढं केलं.

आणि तू काय केलंस? त्याचं पुन्हा पत्र आलंय. तू त्याच्या हातातून कात्री काढून घेतलीस, कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावलीस. गिऱ्हाइकांसमोर. हे वाचून मला वाटलं, त्याने काहीतरी वाढवून लिहिलं असेल. म्हणून तुलाच विचारते. खरं आहे का? मास्तरची कात्री काढून घेणं म्हणजे माणसाचे हातच बांधणं. त्याचा हात किती चालतो याचा पुरावा या घडीला माझ्या अंगावर आहे.

ताई


१४ जुलै

ताई,

कोट मी कापलाय. मीच शिवलाय. कॉलरही माझीच.

हे वाक्य लिहायला मला दहा दिवस लागले. आता लिहिलंच आहे तर पुढचंही लिहिते.

कात्री काढून घेतली हे खरं आहे. मार्चमध्ये कॉलेजच्या प्राचार्यांनी जपून ठेवलेलं भारी कापड आणून दिलं. ह्यांनी ते टेबलावर अंथरलं, खडूने आखलं आणि दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. मी म्हटलं, "अहो, ही पण डावीच होतेय." म्हणाले, "मला शिकवतेस?" आणि उरलेल्या कापडातून तिसरी कापली. तीही डावी. मग तिथेच खाली बसून हसायला लागले. प्राचार्य दारात उभे होते. त्यांना वाटलं, मास्तरांना वेड लागलं. वेड नव्हतं. सकाळचे अकरा वाजले होते आणि अर्धी बाटली पोटात होती.

हे पितात, ताई. ताप नाही, डोळे नाहीत, दगदग नाही. सहा वर्षं झाली. तुम्हाला कळवलेला प्रत्येक ताप मीच रचून लिहिलाय. एकदा कावीळ लिहायची होती, पण तुम्ही नर्स, म्हणून भीती वाटली.

पहिला पेला मीच भरला. सहा वर्षांपूर्वी एका बँडपथकाचे चाळीस पोशाख आम्ही वेळेत दिले. शेवटचं बटण लागलं तेव्हा दोघांची बोटं सुजली होती. मीच बाटली आणली. हे नको नको म्हणत होते. मी म्हटलं, "काय हो, एवढं काय घाबरायचं, घ्या की!" मीही एक घोट घेतला. मला कडू लागलं. ह्यांना नाही लागलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मेमध्ये समोरच्या थिएटरला एक जुना गाजलेला सिनेमा पुन्हा लागला होता. दारूपायी एका जोडप्याचा संसार धुळीला मिळतो, त्याची गोष्ट. मी मुद्दाम तिकिटं काढली. हे ढसाढसा रडले. पुढच्या बाईने मागे वळून स्वतःचा रुमाल दिला. बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाले, "फार वाईट गं. त्या बाईने किती सोसलं." मला वाटलं, लागलं कुठेतरी. मग म्हणाले, "तू हो पुढे. मन फार जड झालंय, जरा हलकं करून येतो." आणि रस्ता ओलांडून बारमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी मला समजावून सांगत होते की त्या नटाला प्यायल्याचं सोंग जमलेलं नाही, पाय तसे पडत नाहीत.

लेकीचं एक सांगते आणि थांबते. हे घरी आले की ती धावत जाऊन गळ्यात पडते. बघणाऱ्याला वाटतं, बापाची किती लाडकी. ती वास घेते. मग माझ्याकडे बघून मान हलवते, हो किंवा नाही. मी तिला हे कधी शिकवलं नाही.

तुमच्या समारंभाच्या दिवशी ती पिशवी घेऊन दारात बसली होती ना, तिने मान हलवली तेव्हा नऊ वाजले होते. मी तुम्हाला ताप लिहिलेलं पत्र आदल्या आठवड्यातच टाकून दिलं होतं.

भावजय


२५ जुलै

भावजयीस,

तुझं पत्र फाडणार होते. फाडलं नाही.

तीस वर्षं मी दारुडे पाहतेय. पिवळे डोळे, फुगलेली पोटं, पलंगाला बांधलेले हात. माझा भाऊ त्यांच्यातला नाही. थोडीफार घेत असेल. कोण घेत नाही? आमचे मोठे डॉक्टरही घेतात. पुरुष बाहेर घोटभर घेतो, कारण घरात त्याच्यावर डोळे वटारले जातात. तूच कबूल करतेस की पहिला पेला तू दिलास. बारा वर्षांच्या पोरीला बापाचा वास घ्यायला लावतेस आणि वर म्हणतेस, मी शिकवलं नाही.

त्याला माझ्याकडे पाठव. तीन महिने. दवाखान्याच्या आवारात माझं घर आहे, वेळेवर जेवण, स्वच्छ हवा, आणि त्याच्याशी प्रेमाने बोलणारं माणूस. बघू मग दोष कुणात होता.

ताई


२ ऑगस्ट

ती. ताईंस,

आजच्या बसने ह्यांना पाठवतेय, हे पत्र सोबतच्या माणसाच्या हाती देतेय. स्टँडवर घ्यायला या, असं आधी कळवलंच आहे. मध्ये एक थांबा आहे, अर्ध्या तासाचा. तिथे शेजारचे पेन्शनर काका सोबत असतील, त्यांना मी सांगून ठेवलंय.

थोडं कळवते. तुम्ही हसाल, पण वाचा. बाटली कपाटात शोधू नका. आमच्याकडे ती बटणांच्या डब्यात, शिलाई मशीनच्या पोटात, इस्त्रीसाठी पाणी मारायच्या पिचकारीत आणि एकदा लेकीच्या रंगपेटीखाली सापडली. पेपरमिंटच्या गोळ्या खायला लागले की समजा. फार गोड बोलायला लागले तरी समजा. रडले तर जवळ घ्या, पण त्यावर विसंबून किल्ल्या देऊ नका. औषधांच्या कपाटाच्या तर नाहीच.

निघताना लेकीने ह्यांना हात केला. गळ्यात पडली नाही. म्हणाली, "आज नको, आज जाऊ देत."

भावजय


३० ऑगस्ट

चि. सौ. भावजयीस,

चार आठवडे झाले. एक थेंब नाही. अंगावर मांस आलंय, गालांवर रंग आलाय. सकाळी माझ्याआधी उठतो. वॉर्डाचे पडदे विटून गेले होते, ते सगळे दवाखान्याच्या मशीनवर नवे शिवले. नर्सेसच्या पोशाखांना असे बारीक बदल करून दिले की पोरी त्याला सोडत नाहीत. सगळ्यांशी इतका गोड बोलतो! साफसफाईच्या आयाबाईलाही 'मावशी, दमलात का' म्हणून विचारतो.

तुझी यादी वाचून खरंच हसले. माझ्या घरात शिलाई मशीन नाही आणि रंगपेटीही नाही. किल्ल्या मी त्याच्यापासून लपवत नाही. भरवसा ठेवला की माणूस त्याला जागतो, हे तुला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

मी बोलून दाखवणार नव्हते, पण दाखवते. दोष कुणात होता ते आता उघड झालं.

ताई


१० सप्टेंबर

ती. ताईंस नमस्कार.

पत्र वाचून आनंद झाला. खरा आनंद. दोष माझा असेल तर असू दे. हे असेच राहणार असतील तर मी तो डोक्यावर घेऊन गावभर हिंडायला तयार आहे.

लेक आता सलग झोपते. परवा तिने विचारलं, "आपणच वाईट होतो का?" मी म्हटलं, "तसं असेल." ती म्हणाली, "मग आपण सुधारलो की ते येतील?" मी कामाचं निमित्त करून दुकानात गेले.

दुकान चाललंय. प्राचार्यांनी पुन्हा कापड दिलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, दोन हात वेगवेगळे आहेत माझे, लक्षात ठेवा." मीही हसले.

एकच विचारते. हे पेपरमिंट खातात का?

भावजय


१४ ऑक्टोबर

चि. सौ. भावजयीस,

पत्राला उशीर झाला. इथे काम फार आहे. धाकट्याची तब्येत जरा नरम आहे. हवा बदलली, त्यामुळे ताप आला असावा. डोळेही दुखतात म्हणतो. शिवण तूर्त बंद ठेवलंय. काळजीचं कारण नाही.

दवाखान्यात थोडी कटकट झाली. वॉर्डातल्या स्पिरिटच्या बाटल्या कमी भरत होत्या. आयाबाईवर संशय होता, तिला कामावरून कमी करावं लागलं. अशी माणसं असतातच.

पेपरमिंटबद्दल तू का विचारलं होतंस?

ताई


२२ ऑक्टोबर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. अक्षर तुमचं होतं, मजकूर माझा.

हा ताप कितवा?

आयाबाईचं नाव तुम्ही दिलंत का? तसं असेल तर अजून वेळ गेलेली नाही. मला उत्तर नका देऊ, आधी तिच्याकडे जा.

ह्यांचं मलाही पत्र आलंय. सोबत ठेवतेय, वाचा. "ताईने मला कोंडून ठेवलंय. सारखी पाळत असते. जेवायला वाढते ते उपकार केल्यासारखं. इथे माझ्याशी कुणी धड बोलत नाही. तू किती चांगली होतीस ते इथे आल्यावर कळलं. मला घेऊन जा."

सहा वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी मला चांगलं म्हटलं. त्यासाठी तुम्हाला वाईट व्हावं लागलं.

भावजय


१९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तू वयाने धाकटी आहेस, तुला वहिनी म्हणायची रीत नाही. म्हणू दे.

स्पिरिट त्यानेच घेतलं. किल्ल्यांचा जुडगा मीच त्याला दिला होता, पडद्यांची मापं घ्यायला. सप्टेंबरच्या शेवटी बाटल्या कमी भरायला लागल्या तेव्हा माझ्या मनात आलं होतं. आलं आणि मी ते दाबलं. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "मेट्रनबाई, तुमचा कुणावर संशय?" मी आयाबाईचं नाव घेतलं. बावीस वर्षं तिने माझ्या वॉर्डातली घाण उपसलीय. तिने काही आकांत केला नाही. एवढंच म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणता?"

त्यानंतर चार दिवसांनी मला धाकटा कपड्यांच्या कोठीत, नव्या चादरींच्या गठ्ठ्यावर पडलेला सापडला. बाटली कुशीत होती. आणि मी काय केलं सांगते. दार लावून घेतलं. त्याला तोंड धुवायला पाणी दिलं, शर्ट बदलला आणि बाहेर येऊन सांगितलं की भावाला ताप आहे. असे एकवीस दिवस काढले. तुला ते पत्र लिहिलं, तेही त्यांतलंच.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी आयाबाईच्या घरी गेले. ती एका शाळेत कामाला लागलीय. दारातच उभी होती. मी सगळं सांगितलं. म्हणाली, "मला त्याच दिवशी माहीत होतं. मास्तरांच्या अंगाला वास यायचा. तुम्हाला येत नव्हता का?" मी परत कामावर घ्यायची गोष्ट काढली तर तिने हात जोडले. "नको बाई, तुमच्या हाताखाली नको."

मग डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगितलं. त्यांनी माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला. समारंभात माझं कौतुक त्यांनीच केलं होतं. महिनाअखेर घर रिकामं करायचं आहे.

धाकट्याला मी मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. तो रडला आणि म्हणाला, "तुझ्यामुळेच झालं. तू विश्वास ठेवतेस, त्याचं ओझं होतं." म्हणजे तू संशय घ्यायचीस म्हणून पीत होता, मी विश्वास ठेवला म्हणून प्याला.

वहिनी, माझ्याच्याने आता होत नाही. मी हात टेकले. तुझा नवरा आहे, त्याला घेऊन जा.

ताई


२८ नोव्हेंबर

ती. ताईंस,

नाही. मी त्यांना परत घेणार नाही.

तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मीही एक लिहिते. ऑगस्टमध्ये बसमध्ये बसवून दिलं तेव्हा मला ठाऊक होतं की तिथेही हे पिणार. पहिले काही आठवडे बरे जातील, मग पिणार. मी ती यादी दिली, कपाटाचं लिहिलं, पण तुम्ही ऐकणार नाही हेही मला ठाऊक होतं. मला तुम्हाला दाखवायचं होतं. सहा वर्षं तुम्ही पत्रांतून मला जे टोचलंत, त्याचं उट्टं काढायचं होतं. सप्टेंबरात तुमचं यशाचं पत्र आलं तेव्हा मी आनंद झाला असं लिहिलं. झालाही होता. आणि त्याच्याखाली, अगदी तळाशी, मी वाट बघत होते.

त्यात आयाबाईचं काम गेलं आणि तुमचंही. हे माझ्या हिशेबात नव्हतं, असं म्हणून मला सुटता येणार नाही.

तुम्ही आमच्याकडे या. वरची खोली मोकळी आहे. हे सोडून, तुम्ही एकट्या या.

भावजय


१० डिसेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून तीन दिवस तुझा राग केला. मग माझं मलाच हसू आलं. कुणी कुणावर रागवायचं?

मी तुझ्याकडे येत नाही. एका वृद्धाश्रमात रुग्णसेवेचं काम मिळालंय, राहायला खोलीही. रोज वरची खोली आणि तुझं तोंड बघून मला माझीच पत्रं आठवत राहतील.

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. काल धाकटा निघून गेला. चिठ्ठी नाही. कपड्यांची पिशवी आणि दाढीचं सामान नेलंय. दहा दिवसांपासून तो पीत नव्हता, घाम फुटायचा, हात थरथरायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी डॉक्टर आणते म्हटलं तर नको म्हणाला. मी उशाशी बसून राहिले. मला वाटतं, तो तुझ्याकडेच येईल.

दार उघडू नकोस. मी सांगतेय. त्याला वाढवलं ती मी सांगतेय.

ताई


२१ डिसेंबर

ताई,

हे आले होते. सोमवारी सकाळी दहाला. लेक शाळेत होती, दुकान नुकतंच उघडत होते. काचेतून पाहिलं तर रस्त्याच्या पलीकडे उभे. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. मी आतून कडी लावली. हे रस्ता ओलांडून काचेपाशी आले.

"मी प्यायलेलो नाही," म्हणाले.

"दिसतंय मला."

"सोळा दिवस झाले."

"बरं झालं."

"मग उघड ना."

मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. ताई, हे प्यायलेले असते तर मी उघडलं असतं. लटपटत असते, पायरीवर पडले असते, तर हाताला धरून आत घेतलं असतं, तोंड पुसलं असतं, अंथरूण घातलं असतं. ते सगळं मला पाठ आहे. शुद्धीतल्या माणसाचं काय करायचं ते मला येईना. हे आत येऊन बसतील, मी चहा टाकीन, लेक घरी येईल, आणि मग आम्ही तिघं रोज सकाळी उठून वाट बघू. सतरावा दिवस, अठरावा दिवस. तेवढी ताकद माझ्यात उरलेली नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

मी म्हटलं, "मला नाही उघडता येत."

हे चिडले नाहीत. रडलेही नाहीत. रडले असते तर मला बरं वाटलं असतं. काचेतून टेबलाकडे बघत होते. तिथे एक कोट कापायला घेतला होता. म्हणाले, "खांद्याला अर्धा इंच जास्त धर. त्या कापडाला ताण नसतो." मी बघितलं, खरंच कमी धरलं होतं. वर बघते तर हे चालायला लागले होते. कोपऱ्यावरच्या बारवरून पुढे गेले. आत वळले नाहीत. मी शेवटपर्यंत बघत होते.

कुठे गेले, माहीत नाही. तुमच्याकडे आले असतील तर एका ओळीने कळवा.

भावजय


३ जानेवारी

प्रिय वहिनी,

इथे आलेला नाही. पोलिसांत कळवलंय, मी ओळखत होते त्या सगळ्या दवाखान्यांना पत्रं टाकलीत. काही नाही.

तू उघडायला हवं होतंस, असं लिहायला घेतलं होतं. मग आठवलं, उघडू नकोस असं मीच लिहिलं होतं.

ताई


६ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

सापडला. जिवंत आहे. आधी हे वाच आणि श्वास घे, मग पुढचं वाच.

माझ्या हाताखाली शिकलेली एक नर्स डोंगरातल्या क्षयरोग्यांच्या दवाखान्यात आहे. तिचं पत्र आलं की तुमच्या भावासारखा दिसणारा एक माणूस इथे कपड्यांच्या कोठीत काम करतो. मी लगेच गेले.

तोच आहे. आठ महिने झाले, थेंब नाही. यावेळी मी कुणाच्या सांगण्यावर विसंबले नाही, चार जणांना विचारलं, त्याचे डोळे पाहिले, जीभ पाहिली. खरं आहे. आता चार पोरींना कापायला शिकवतो. नोकरीच्या कागदावर 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात त्याने 'कुणी नाही' असं लिहिलंय. मला ते कारकुनाने दाखवलं.

माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलला. चहा मागवला, खुर्ची पुसून दिली. लेकीची उंची विचारली. मी हाताने दाखवली, तर त्याने गळ्यातला टेप काढून माझ्या हातापासून जमिनीपर्यंत माप घेतलं आणि पुन्हा गळ्यात टाकला. मी म्हटलं, "चल, घरी जाऊ." म्हणाला, "ताई, तू पुन्हा येऊ नकोस. तू आलीस की मी लहान होतो."

मी म्हटलं, "आणि ती? तिला काय सांगू?" गळ्यातला टेप बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "पत्ता देऊ नकोस. ती माफ करेल. माफ केलं की मला प्यावं लागेल."

मी त्याचं ऐकणार नव्हते. पत्ता लिहिलेला कागद पाकिटात घातला आणि परत काढला. तू माग, मी पाठवीन. न मागता पाठवणार नाही.

ताई


१७ ऑगस्ट

ती. ताईंस,

पत्र मिळालं. पत्ता नको.

दोन दिवस मी दुकान उघडलं नाही. हे बरे व्हावेत म्हणून मी काय काय केलं ते आठवत बसले. बाटल्या ओतल्या, शपथा घातल्या, पाया पडले, खोटं बोलले, गप्प बसले. तुम्हीही तेच केलंत, तुमच्या परीने. आणि हे बरे झाले ते आपण दोघीही नव्हतो तिथे. मला आनंद झालाय, ताई. तो कुठे ठेवायचा ते मात्र कळत नाही.

लेकीला सांगायचं की नाही, ठरत नव्हतं. ती तेरा वर्षांची झाली, तिच्यापासून लपवून काय राहतं? काल जेवताना सांगितलं. कुठे आहेत ते नाही, एवढंच की बाबा बरे आहेत, आठ महिने अजिबात पीत नाहीत, तिथल्या मुलींना काम शिकवतात.

तिने घास खाली ठेवला. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली,

"म्हणजे बाबांना जमत होतं."

मी तिच्या ताटात आणखी भात वाढला. याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा.

भावजय